जुई मोठी कधी होणार?

वाचकाचं पत्र:

"मी दहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी कादंबरी लिहिते आहे. जुई ही नायिका. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही पाय ताठर. गोष्ट सुरू होते तेव्हा ती नऊ वर्षांची असते, संपते तेव्हा चौदा. जुई व्हीलचेअर वापरते, चित्रं काढते, वर्गातली मुलं तिला चिडवतात, मग एक जिवाभावाची मैत्रीण मिळते. पुढे मोठं ऑपरेशन होतं आणि शेवटच्या प्रकरणात चित्रकलेचं बक्षीस घ्यायला ती कशाचाही आधार न घेता पायऱ्या चढून स्टेजवर जाते. पहिला खर्डा दोघींना वाचायला दिला. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसरीच्या बारा वर्षांच्या मुलाचं निदान हेच आहे. ती म्हणाली, 'छान लिहिलंयस, पण ही मुलगी पाच वर्षांत मोठीच झाली नाही.' तिचं म्हणणं मला नीट कळलं नाही आणि डोक्यातून जातही नाही. शेवट बदलू का? रोजच्या जगण्याचे बारकावे किती घालू? वैद्यकीय माहिती फार झाली तर मुलं पुस्तक मिटतील अशी भीती वाटते. आणि मला स्वतःला अपंगत्व नाही, तर मी हे लिहावं का? सोबत सगळा खर्डा पाठवते आहे."

उत्तर:

शेवट बदला. पण ते काम सगळ्यात शेवटी हाती घ्या. तुमच्या मैत्रिणीने बोट ठेवलंय ते मधल्या पाच वर्षांवर. ती पाच वर्षं नीट लिहिलीत की हा शेवट आपोआप गळून पडेल.

सेरेब्रल पाल्सीत मेंदूला झालेली इजा जन्माआधी, जन्माच्या वेळी किंवा अगदी लहानपणी होते आणि तिथेच थांबते. ती वाढत नाही, भरूनही येत नाही. शरीर मात्र वाढत राहतं. हाडं भराभर लांब होतात आणि ताठर स्नायूंना तो वेग गाठता येत नाही. मग टाचा उचलल्या जातात, गुडघे वाकतात, खुब्याच्या सांध्यावर ताण येतो. म्हणजे नऊ वर्षांच्या जुईचे पाय आणि तेरा वर्षांच्या जुईचे पाय एकसारखे वागणार नाहीत, मेंदूत तसूभर बदल झालेला नसतानाही. तुमच्या खर्ड्यात जुई पहिल्या पानापासून ऑपरेशनपर्यंत तशीच्या तशी आहे आणि मग एकदम बरी होते. ज्या आईने ही वाढ रोज पाहिली आहे, तिला ही मुलगी खोटी वाटणारच.

आधाराशिवाय चालून दाखवण्याचा शेवट बालसाहित्यात जुना आहे. 1880-81 सालच्या 'हायडी'त क्लाराची चाकांची खुर्ची डोंगरावरून ढकलली जाते, मोडते आणि क्लारा चालू लागते. 1911 च्या 'द सीक्रेट गार्डन'मधला कॉलिनही उभा राहतो, पण त्याच्या पाठीत मुळात काही बिघाड नसतोच. दोन्हीकडे मोकळी हवा, माया आणि मनाचा निश्चय कामी येतो. अकरा वर्षांचं, वॉकर घेऊन चालणारं मूल यातून काय घेतं? 'मन लावलं तर चालता येतं. म्हणजे मी मन लावलं नाही.' तुमचा शेवट बदला म्हणतो त्याचं पहिलं कारण हे. वैद्यकीय चूक त्यानंतरची.

आधी जुईला नीट ओळखा

तुमच्या दुसऱ्या प्रकरणात जुई एकटी, कठडा धरून जिना चढते. पाचव्या प्रकरणात भाऊ तिला पलंगावरून उचलून खुर्चीत ठेवतो, तेही काहीच विशेष न घडता. ही दोन वेगळी मुलं झाली. 1997 मध्ये रॉबर्ट पॅलिसानो आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या हालचालींची पाच पातळ्यांची वर्गवारी मांडली. जगभरचे थेरपिस्ट तीच वापरतात. पहिल्या पातळीवरचं मूल चालतं, पळतं, फक्त वेग आणि तोल कमी पडतो. दुसरीत जिन्याला कठडा लागतो, लांब अंतर आणि खडबडीत जमीन जड जाते. तिसरीत हातात धरायचं साधन लागतं, म्हणजे वॉकर किंवा कुबड्या, आणि लांबच्या अंतराला चाकं. चौथीत बहुतेक वेळ व्हीलचेअर, अनेकदा बॅटरीवर चालणारी. पाचवीत डोकं आणि धड सावरायलाही आधार हवा. तुमच्या गोष्टीतल्या प्रसंगांकडे पाहता जुई तिसऱ्या पातळीवर बसते. तिला तिथे ठेवा आणि पाच वर्षं तिथेच राहू द्या.

तिसऱ्या पातळीवरची मुलगी कठडा धरून, कुणीतरी जवळ असताना जिना चढते. आधाराला काही घट्ट मिळालं तर स्वतः उभी राहते. तिला रोज उचलून ठेवायची गरज नसते. सहलीच्या दुसऱ्या दिवशी मात्र लागू शकते, कारण अशा चालीला इतर मुलांच्या दुप्पट, कधी त्याहून जास्त ताकद खर्च होते. भावाने उचलण्याचा प्रसंग हवाच असेल, तर त्याआधी तिला दिवसभर चालवा.

लेखिकेच्या फार कामाचं आणखी एक माप आहे. मूल पाच मीटर, पन्नास मीटर आणि पाचशे मीटर कसं जातं, हे तीन प्रश्न थेरपिस्ट वेगवेगळे विचारतात. पाच मीटर म्हणजे घर, पन्नास म्हणजे शाळा, पाचशे म्हणजे बाहेरचं जग. नऊ वर्षांची जुई घरात भिंत, टेबल, पलंग धरत जाईल, शाळेत वॉकर घेईल आणि बागेत व्हीलचेअरवर असेल. 'व्हीलचेअर वापरणारी मुलगी' एवढ्या तीन शब्दांत हे सगळं हरवतं. मग तिसऱ्या प्रकरणात ती खुर्चीतून उठून दोन पावलं टाकते तेव्हा वाचकाला चमत्कार वाटतो. खरं तर व्हीलचेअर वापरणारी कितीतरी मुलं थोडंफार चालतात आणि 'मग खुर्ची कशाला?' हा प्रश्न त्यांना सारखा ऐकावा लागतो. हा प्रश्न जुईला एकदा तरी कुणीतरी विचारू दे. नवव्या वर्षी ती गप्प बसेल. तेराव्या वर्षी काय म्हणेल?

एक कागद घ्या. उभ्या रकान्यांत वय, आडव्या ओळींत ही तीन अंतरं, आणि प्रत्येक चौकटीत जुई काय वापरते ते लिहा. हा कागद लिहिताना समोर टांगून ठेवा.

पाच वर्षांत काय काय बदलतं

स्प्लिंटपासून सुरुवात करा. गुडघ्याखालून पावलापर्यंतचा प्लास्टिकचा साचा, पायाच्या मापाने घडवलेला. वाढत्या मुलाला तो साधारण वर्षभर पुरतो, उंची झपाट्याने वाढत असेल तर आणखी कमी. म्हणजे तुमच्या पाच वर्षांत जुईचे निदान पाच जोड होतील. दर वेळी माप, दर वेळी थोडे दिवस नव्या साच्याशी झटापट, दर वेळी रंग किंवा नक्षी निवडायची संधी. नवव्या वर्षी तिला फुलपाखरं हवी असतील. बाराव्या वर्षी पांढरा, कुणाला दिसू नये असा. चौदाव्या वर्षी कदाचित तिने स्वतः काढलेलं चित्र. ती चित्रं काढते हे तुम्हीच लिहिलंय, मग त्याचा असा उपयोग का करत नाही?

स्प्लिंट घालण्याची कृती अचूक हवी, कारण ती रोज सकाळी होते. आधी लांब पायमोजा, एकही सुरकुती न ठेवता वर ओढायचा. मग गुडघा वाकवून टाच साच्यात अगदी मागे, तळाला टेकेपर्यंत बसवायची. पहिला पट्टा घोट्याचा, तोही घट्ट, म्हणजे टाच वर सरकत नाही. पोटरीचा पट्टा नंतर. मग बूट: आतला तळवा काढून टाकलेला, नेहमीच्या मापापेक्षा मोठा आणि पुढून भरपूर उघडणारा. चुकतं ते टाचेपाशी. ती पुरती बसली नाही तर दिवसभर घासते आणि संध्याकाळी कातडी लाल होते. वीस ते तीस मिनिटांत लाली गेली तर ठीक, राहिली तर साचा लहान झाला किंवा चुकीचा बसतोय. पट्ट्यांच्या वेल्क्रोत धागे, केस अडकतात आणि मग तो धड चिकटत नाही, चालता चालता सुटतो. हे सगळं एकाच प्रकरणात नको. नऊ वर्षांची असताना आई घालते तेव्हा पायमोजा आणि टाच दाखवा. अकराव्या वर्षी जुई स्वतः घालते, घाईत टाच बसत नाही, दुखतं आणि ती घरी सांगत नाही. एवढ्यानेही ती मोठी झालेली दिसेल.

दहा ते तेराच्या दरम्यान मुलींची उंची भराभर वाढते. याच काळात जुईची चाल बिघडू शकते: गुडघे जास्त वाकलेले, पावलं लहान, दम लवकर. पन्नास मीटरला वॉकर नकोसा होतो आणि खुर्ची बरी वाटते. मोठी माणसं याला 'मागे जाणं' म्हणतात. आई धास्तावते, व्यायाम वाढवते, भांडणं होतात. जुईच्या बाजूने पाहिलं तर खुर्चीत ती मैत्रिणींच्या बरोबरीने जाते आणि वर्गात पोचल्यावर तिच्यात चित्र काढायची ताकद उरलेली असते. दोघीही बरोबर आहेत. कादंबरीचा गाभा इथे आहे असं आम्हाला वाटतं. चिडवणाऱ्या मुलांची दोन प्रकरणं कमी करून ती जागा या भांडणाला द्या.

आता ऑपरेशन. ते ठेवायला हरकत नाही. पूर्वी मुलांवर दर वर्षा-दोन वर्षांनी एकेक शस्त्रक्रिया व्हायची. आता शक्यतो दोन्ही पायांचे अनेक स्नायू आणि हाडं एकाच वेळी दुरुस्त करतात, बहुतेकदा आठ ते बारा या वयात. तुमच्या खर्ड्यात सहा पानांत ऑपरेशन होतं आणि जुई धावत सुटते. प्रत्यक्षात काही आठवडे प्लास्टर, आणि ते निघतं तेव्हा पाय आधीपेक्षा अशक्त असतात. ऑपरेशनपूर्वी जेवढं चालता येत होतं तिथवर परत यायलाच बहुधा सहा महिने ते वर्ष जातं. फायदा बहुधा होतो: पाय सरळ पडतो, गुडघा कमी वाकतो, दुखणं घटतं, चालायला कमी कष्ट पडतात. पण पातळी सहसा तीच राहते. वॉकरवाली मुलगी वॉकरवालीच राहते, चाल मात्र सुधारते. 'एवढं सोसलं आणि वॉकर तसाच' ही निराशा, आणि काही महिन्यांनी 'आज बाजारातून परत येताना पाय दुखले नाहीत' हे अचानक ध्यानात येणं, या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. दुसरी अवघ्या तीन ओळींत आली तरी पुरे.

बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी सुरू होईल. वॉकर धरायला दोन्ही हात लागतात, कपडे सावरून पॅड बदलायलाही दोन्ही हात लागतात. म्हणून बसूनच बदलावं लागतं, शेजारी पकडायला दांडा लागतो आणि सामान हाताच्या अंतरावर हवं. आजवर संडासात आई सोबत यायची. आता जुईला दार लावून घ्यायचंय. आत पडलीस तर काय, असं आई म्हणते. मग कडी न लावता दार लोटून घ्यायचं आणि आईने बाहेर थांबायचं, अशी काहीतरी तडजोड निघते. हा प्रसंग साधेपणाने लिहा. मुलांच्या पुस्तकात तो फार क्वचित येतो आणि ज्या मुलींना तो हवा असतो, त्या तो शोधत असतात.

बारकावे किती?

माहिती किती घालू या प्रश्नाला आमचं उत्तर: जुईला त्या वयात जेवढी ठाऊक असेल तेवढीच. नऊ वर्षांच्या मुलीला 'स्पास्टिक डायप्लेजिया' (दोन्ही पायांचा ताठरपणा) हा शब्द पाठ असतो, अर्थ नसतो. तिच्या लेखी 'पाय ऐकत नाहीत', 'थंडीत जास्त आखडतात', 'फुगा फुटला की सगळं अंग दचकतं'. अकराव्या वर्षी ती डॉक्टरांना आईच्या आधी प्रश्न विचारते. चौदाव्या वर्षी नव्या शिक्षिकेला दोन वाक्यांत सगळं सांगून मोकळी होते, कारण ती वाक्यं तिने हजार वेळा वापरून घासूनपुसून ठेवली आहेत. माहिती अशी वयानुसार उलगडली की मुलं पुस्तक मिटणार नाहीत. सध्या तुमच्याकडे डॉक्टरकाका दीड पान व्याख्यान देतात. ते पान काढून टाका.

व्हीलचेअरचे तपशील सूक्ष्म हवेत, कारण त्यांतून कथानक निघतं. पुढची छोटी चाकं फटीत, खडीत, जाळीवर अडकतात आणि खुर्ची एकदम थांबते, बसणारा पुढे फेकला जातो. म्हणून सराईत मुलं तिथे पुढची चाकं किंचित उचलतात किंवा उलट्या दिशेने जातात. पाठीमागे जड दप्तर अडकवून चढ चढला तर खुर्ची मागे कलंडते. टायरमधली हवा कमी झाली की ढकलायला जड जातं आणि ब्रेकही नीट लागत नाही, कारण ब्रेक टायरवरच दाबला जातो. पुढच्या चाकांच्या आसात केस गुंडाळले जातात आणि ती थरथरू लागतात. पावसात हात ओले, चिखल बाह्यांवर, आणि छत्री धरायला हात नाही. अरुंद दारात बोटांची पेरं सोलवटतात. खुर्ची आरामात जायला साधारण 80 सेंटिमीटर रुंदी लागते, पुरती वळायला दीड मीटरचं वर्तुळ. वॉकर किंवा कुबड्या घेतल्या की हातात कप, वही, काहीच धरता येत नाही. तुमच्या चौथ्या प्रकरणात जुई वॉकर घेऊन चहाचा ट्रे आणते. ते शक्य नाही. पण ट्रे कसा न्यायचा यावर तिने काढलेली युक्ती त्या प्रकरणाला जिवंत करेल.

कुणाच्या हातात?

प्रत्येक प्रसंगापुढे समासात लिहा: इथे निर्णय कुणी घेतला? आम्ही तुमच्या पहिल्या तीन प्रकरणांत मोजलं. जुईला सात वेळा कुठेतरी नेलं जातं, ती स्वतः एकदाच कुठे जाते. खुर्चीच्या मागच्या मुठी कुणीही येऊन धरतं आणि ढकलू लागतं, हे प्रत्यक्षात रोज घडतं. पण तुमची निवेदिकाही ते 'मदत' म्हणून पुढे जाते. न विचारता ढकलणं म्हणजे चालणाऱ्याला दंड धरून ओढत नेणं. जिवाभावाच्या मैत्रिणीलाही हे पहिल्या दिवशी कळणार नाही. ती ढकलेल, जुई ब्रेक लावेल, दोघी चिडतील. तुमच्याकडे त्या भेटल्या क्षणीच एकरूप होतात, त्यामुळे मैत्री फुकटची वाटते.

2006 साली संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या करारात, अपंग मुलांच्या वाढत जाणाऱ्या क्षमतांचा आदर हे एक मूलभूत तत्त्व आहे. कादंबरीच्या भाषेत सांगायचं तर एकेक निर्णय मोठ्यांच्या हातून जुईच्या हातात यायला हवा: आधी स्प्लिंटचा रंग, मग आज वॉकर की खुर्ची, मग खोलीबाहेर आईने थांबावं की नाही, आणि शेवटी ऑपरेशनबद्दल 'माझं काय मत आहे ते विचारा' हे वाक्य.

आणखी एक. जुईला एखादं अपंग मूल भेटू द्या, तिच्यापेक्षा वेगळं. सध्या तुमच्या जगात ती एकटीच आहे, त्यामुळे साऱ्या अपंगत्वाचं ओझं तिच्या खांद्यावर येतं. समजा स्पायना बिफिडा, म्हणजे जन्मतःच पाठीचा कणा नीट न जुळलेला, असा तिच्याच वयाचा मुलगा. त्याला पायाला घासलेलं जाणवतच नाही, म्हणून तो रोज रात्री आरशात तळवे तपासतो, आणि दर तीन-चार तासांनी नळी घालून लघवी काढतो. जुईला सगळं जाणवतं, जास्तच जाणवतं. या दोघांचं बोलणं एकमेकांना समजावून सांगण्याचं नसेल, तुलना करण्याचं, फुशारकीचं, तक्रारीचं असेल. अशी दोन पानं वाचायला आम्हाला मनापासून आवडतील.

भाषा

मराठीत पावलोपावली पाय आहेत. स्वतःच्या पायावर उभं राहणं, एका पायावर तयार असणं, हातपाय गाळणं, लंगडी सबब, पांगळा युक्तिवाद. सगळे वाक्प्रचार चाळून फेकायची गरज नाही, पण कोण बोलतंय ते पाहा. 'लंगडी सबब' तुमच्या निवेदनात दोनदा आलंय, ते काढा. तिथे भाषा नकळत जुईला टोचते. 'स्वतःच्या पायावर उभी राहा' हे काका तिला म्हणतात ते मात्र ठेवा आणि खोलीतली शांतता लिहा. 'एका पायावर तयार' जुईच्याच तोंडी द्या: 'एका पायावर? मला दोन पुरत नाहीत!' असा विनोद ती स्वतः करेल, दुसऱ्याने केला तर चिडेल.

'व्हीलचेअरला खिळलेली' हा शब्दप्रयोग पूर्ण पुसा. खुर्चीमुळे ती बागेपर्यंत जाते, खिळते ती खुर्ची नसताना. बिचारी, दिव्यांग, अपंग, सीपीवाली हे सगळे शब्द तिच्या कानांवर पडतील. कोणता शब्द कुणाच्या तोंडी हे ठरवा, आणि यातला स्वतःसाठी तिने कोणता निवडला तेही. चौदाव्या वर्षापर्यंत तो एकदा बदललेला असेल.

तुम्ही लिहावं का

लिहा, पण एकटीने नको. तुमची मैत्रीण तुम्हाला आईची बाजू सांगेल. तुम्हाला मुलांची बाजूही हवी. अशा चालीच्या दोन-तीन किशोरवयीन मुलांशी, आणि असं बालपण जगलेल्या एक-दोन प्रौढांशी बोला. प्रौढ आवर्जून हवेत, कारण त्या वयात काय बोलता आलं नाही हे त्यांना आता सांगता येतं. त्यांच्या वेळेचं मानधन द्या. 'तुला काय वाटतं?' अशा प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: काल शाळेत पोचेपर्यंत काय काय झालं? शेवटचं केव्हा पडलास, कशावरून? कुणी न विचारता मदत केली तेव्हा हाताचं काय केलंस? त्यांची हकिगत उचलून जशीच्या तशी छापू नका, तिचा स्वभाव घ्या. पुढचा खर्डा झाला की त्यांनाच वाचायला द्या आणि जिथे वाचणं थांबलं तिथे खूण करायला सांगा.

चित्रकाराला वेगळी टिपणं द्या, नाहीतर केलेलं सगळं मुखपृष्ठावर मोडेल. व्हीलचेअर म्हटलं की दवाखान्यातली, रुंद हातांची, उंच पाठीची खुर्ची काढली जाते. जुईची स्वतःची खुर्ची अंगाबरोबर बसणारी, कमी पाठीची आणि हलकी असेल, पावलं पायटेकीवर. स्प्लिंट दोन्ही पायांना, गुडघ्याखाली, मोज्याची कड वर दिसणारी. अशा मुलांचा वॉकर अनेकदा मागून वेढणारा, पुढून मोकळा असतो. नऊ, अकरा आणि चौदा वयाच्या चित्रांत स्प्लिंटची नक्षी बदललेली हवी.

आता तो स्टेज. पहिल्या प्रकरणात, जुई नऊ वर्षांची असताना, असाच एक समारंभ घाला. तिचं नाव पुकारलं जातं, कुणीतरी मोठा माणूस न विचारता तिला उचलून वर ठेवतो, टाळ्या सगळ्यात जोरात तेव्हाच वाजतात, आणि तिचा फ्रॉक वर सरकलेला असतो. एवढंच, कुणी त्यावर बोलत नाही.

चौदाव्या वर्षी पुन्हा तोच स्टेज. चार पायऱ्या, प्रत्येकी 15 सेंटिमीटर, म्हणजे 60 सेंटिमीटर उंची. सुरक्षित उतारासाठी उंचीच्या बारापट लांबी लागते, म्हणजे 7 मीटर 20 सेंटिमीटर, आणि सभागृहात तेवढी जागा नाही. मग? कठडा धरून चढता येईल, मैत्रीण वॉकर वर नेईल, पण तीनशे जणांसमोर चार मिनिटं लागतील. किंवा सगळीच बक्षिसं स्टेजखाली द्यायला सांगता येईल. किंवा जायचंच नाही. जुई काय निवडेल ते आम्ही सांगणार नाही, पाच वर्षं नीट लिहिलीत तर ती तुम्हाला सांगेल. फक्त प्रकरणाची सुरुवात समारंभाच्या दिवशी करू नका. दोन आठवडे आधी करा, शाळा सुटल्यावर, रिकाम्या सभागृहात. मैत्रीण मोजपट्टीचं एक टोक पायरीवर दाबून धरते आहे आणि जुई आकडे वहीत लिहून घेते आहे.